चार जणांसाठी कोशर सॅलड

साहित्य: काकड्या, गाजरं, सॅलडच्या पानांचा एक गड्डा, लिंबं, तेल, मीठ आणि मोठी वांगी.

वेळ: पंधरा मिनिटं.

(हे ‘पंधरा मिनिटं’ कुणी लिहिलं? — सौ.)

मीच लिहिलं. पाककृतीत वेळ कमीच सांगायचा असतो, नाहीतर कुणी करायला घेत नाही. खरा वेळ म्हणाल तर सोमवारी सुरुवात केलीत तर रविवारी दुपारी पान वाढता येतं, तेही नशीब बरं असेल तर. हा मजकूर तपासायला सौ.ने मागून घेतला आणि तिच्या हातात पेन होतं, म्हणून मधेमधे कंस दिसतील. त्यांच्याकडे दुर्लक्ष करावं.

(करू नये. — सौ.)

कृती: प्रथम काकड्या स्वच्छ धुऊन घ्याव्यात.

इथेच थांबावं लागतंय. कारण काकड्या धुण्याआधी वॉचमन येतो, आणि त्याला वगळलं तर पुढचं काहीच कळणार नाही.

आमच्या समोरच्या दारात मावशी राहतात. ज्यू आहेत. सौ. ऑपरेशन होऊन अंथरुणावर होती तेव्हा या बाईंनी तिला पोटच्या मुलीसारखं सांभाळलं. रोज एक वाडगा आमच्या दारात. कधी सूप, कधी उकडलेल्या भाज्या. आणि शेजारणीचा वाडगा रिकामा परत करायचा नाही ही आमच्या घराची शिस्त. त्यामुळे मीही त्यात काहीबाही करून घालत असे. सौ. बरी झाली तरी वाडग्याची ये-जा चालूच राहिली. वर्षानुवर्षं. माझ्या हाताला चव आहे असा माझा समज त्या वाडग्याच्या जिवावर उभा होता.

तर गेल्या सोमवारी मी जिना उतरून खाली आलो. वॉचमन डबा उघडून बसला होता.

“साहेब,” तो म्हणाला, “कालची बटाट्याची भाजी जरा खारट होती.”

“तुला कुणी दिली?”

“मावशी देतात ना. नेहमीच. गेल्या महिन्यातली तुमची फरसबी मात्र झकास होती.”

माझ्या आजवरच्या सगळ्या स्वयंपाकाचा हा एकमेव जाणकार, आणि मी त्याला दिवाळखोर चेहऱ्यानं पाहत उभा. वर जाऊन मी सौ.ला ही भयंकर बातमी दिली. ती मटार सोलत होती. सोलतच राहिली.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “त्या कोशर पाळतात, म्हणजे त्यांच्या धर्माचे खाण्यापिण्याचे नियम. दुसऱ्याच्या भांड्यात शिजलेलं त्यांना चालत नाही.”

“मग इतकी वर्षं आपण पाठवत का होतो?”

“मग वाडगा काय रिकामा परत करायचा?”

 

मग ती मटार सोलायची थांबली. “येत्या सोमवारी चालल्या त्या,” म्हणाली. “कायमच्या. मुलगा न्यायला आलाय. एकदा तरी आपल्या घरात बसून, आपल्या हातचा एक घास त्यांनी खाल्ला असता, तर मला बरं वाटलं असतं हो. नुसतं घेतच राहिलो आपण.”

ती फार बोलणारी नाही. (बरं. — सौ.) त्यामुळे बोलली की मला ते अंगावर येतं. मी छाती पुढे काढून म्हणालो, “रविवारी दुपारी त्या आपल्याकडे जेवतील. माझ्यावर सोड.”

कृती (पुन्हा): प्रथम नियम समजून घ्यावेत.

मावशींचा मुलगा माझ्याच वयाचा. उंच, सावकाश बोलणारा. घरभर खोकी पसरून बसला होता. स्वयंपाकघरातलं सामान आधीच खोक्यांत बांधून झालेलं, गॅसची जोडणी शुक्रवारी तोडणार होते. म्हणजे रविवारी मावशींपुढे कोरडा पाव हाच मेनू होता. मी बेत सांगितला. त्यानं खोक्यावरची चिकटपट्टी दातानं तोडली आणि विचार केला.

“मांस आणि दूध एकत्र चालत नाही,” तो म्हणाला. “भाज्या या दोन्हींत येत नाहीत. त्यामुळे भाज्या सगळ्यांत सोप्या.”

त्या ‘सोप्या’नं माझा घात केला.

“शिवाय आमचं घर शाकाहारी,” मी अभिमानानं म्हणालो. “आमच्या उंबऱ्याच्या आत आजवर मांस आलेलं नाही.”

“चीज येतं?”

“येतं.”

“बाटलीतलं व्हिनेगर?”

“येतं.”

“ही दोन्ही बाहेरची आमच्यात चालत नाहीत. मग भांडी नवी लागतील. सुरीसुद्धा. आणि पाट... म्हणजे ते कापायचं लाकूड.”

मी बाजारात जाऊन नवी सुरी, नवी फळी, काचेचे वाडगे, ताटं, चमचे, वांगी भाजायला नवी जाळी, नवा चिमटा असं सगळं आणलं. संसार थाटताना आम्ही एवढी भांडी घेतली नव्हती. ती घेऊन वर येत असताना पहिल्या मजल्यावरच्या सर्वज्ञांनी मला पकडलं. सर्वज्ञ हे त्यांचं नाव नाही, पण दुसऱ्या कुठल्या नावाला ते इतके लायक नाहीत.

“ही भांडी अशीच वापरणार?” ते पिशवीत डोकावून म्हणाले. “अहो, ती आधी त्यांच्या प्रार्थनाघराच्या हौदात बुडवून आणावी लागतात. मी वाचलंय.”

सर्वज्ञांनी वाचलेलं सहसा अर्धंच असतं. हे मला पक्कं माहीत आहे. तरी मी गेलो.

प्रार्थनाघराच्या कार्यालयात एक खिडकी होती आणि खिडकीत एक कारकून. जगात कुठल्याही धर्माची, कुठल्याही खात्याची खिडकी असो, आतला माणूस तोच असतो असं माझं मत झालं आहे. मी रांगेत उभा राहिलो. पिशवी खळखळत होती. माझा नंबर आल्यावर तो म्हणाला, “भांडी कुणाची?”

“माझी.”

“तुम्ही आमच्यातले?”

“नाही.”

“मग बुडवायची गरज नाही. आमच्या माणसाच्या मालकीची असतील तरच बुडवतात.”

मी सुटकेचा श्वास टाकला. मग सर्वज्ञांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. त्यांना काय सांगू? “पण आमच्या मावशी त्यातून जेवणार आहेत हो. बुडवूनच टाका ना एकदा. कशाला उगाच शंका?”

“तुमचं भांडं आमच्या माणसानं उसनं वापरलं तर तसंच चालतं.”

“बरं, मग समजा, ही भांडी मी मावशींना दिली.”

“दिली तर बुडवावी लागतील.”

“मग दिली!”

“समजा म्हणून नाही. खरोखर द्यावी लागतील. मग ती त्यांची. मग तुम्ही घरी कशी नेणार?”

“त्यांच्याकडून उसनी मागून.”

“मालकीण कुठे आहे? तिनं येऊन सांगायला हवं.”

“त्या घरी खोकी बांधतायत! आणि त्यांना अजून यातलं काही माहीतच नाही!”

मागच्या रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, “साहेब, बुडवायचं नाही म्हणतोय ना तो? मग भांडी घ्या आणि घरी जा. इतकं सोपं उत्तर या खिडकीतून आजवर कुणाला मिळालेलं नाही.”

मी बाहेर पडलो. भांडी कोरडी आणि मी घामानं ओला.

टीप: पालेभाजीची पानं नीट पाहून घ्यावीत.

हे वाक्य कुठल्याही पाककृतीत असतं आणि ते वाचून आपण पुढे जातो. पुढे जाऊ नये. कोशर म्हणजे पानावर किडा नको. मोठा नको, लहान नको, मेलेला नको, जवळजवळ नसलेलाही नको. मुलानं मला पानं मिठाच्या पाण्यात ठेवून, एकेक खिडकीच्या उजेडासमोर धरून पाहायला शिकवलं. त्याचं पहिलंच पान. त्यानं बोट ठेवलं. एक हिरवा ठिपका होता. तो चालू लागला.

सौ. किंचाळली नाही, पण खुर्चीवर बसली. “हा रोज असतो?” तिनं विचारलं.

“पानात असतोच,” मुलगा म्हणाला.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतकी वर्षं आम्ही स्वतःला शाकाहारी म्हणवून घेत होतो.

मी तो गड्डा घेऊन तरातरा भाजीवाल्या बाईंकडे गेलो. “यात किडा आहे.”

“एकच?” त्या म्हणाल्या.

“बाई, मला बिनकिड्याची भाजी पाहिजे.”

“दादा, किडा खातोय म्हणजे भाजी चांगली आहे. त्यालाही जीव आहे, तो वाईट कशाला खाईल? तुम्हाला किडासुद्धा तोंड लावणार नाही असली भाजी पाहिजे असेल, तर पलीकडे प्लॅस्टिकची फुलं मिळतात. तिथं बघा.”

येताना जिन्यात सर्वज्ञ होतेच. “मीठ वाढवा,” ते म्हणाले. “किडे मरतील.”

“मेलेलेही चालत नाहीत.”

“मग मीठ कमी करा. जिवंत राहतील आणि आपण होऊन निघून जातील.”

त्या आठवड्यात आमच्या घरात कुणी हिरवं पान खाल्लं नाही. सौ. कोथिंबीर चष्मा लावून निवडायची आणि शेवटी टाकून द्यायची. मी बाहेर ओळखीच्यांकडच्या एका लग्नात सॅलडचं ताट उजेडाच्या दिशेनं उचललं तेव्हा यजमानांनी मला बाजूला घेऊन काय झालं म्हणून विचारलं.

कृती (आता खरोखर):

रविवारी सकाळी मुलगा आमच्याकडे आला. हात धुऊन त्यानं आमच्या पानांची स्वतः पुन्हा तपासणी केली, काकड्या-गाजरं नव्या सुरीनं कापली, लिंबू पिळलं, सगळं वाडग्यांत भरलं आणि प्रत्येक वाडग्याला झाकण लावून त्यावर कागदाची पट्टी चिकटवून सही केली.

“हे काय?”

“मधे कुणी उघडलं तर कळावं म्हणून. नियम आहे. राग मानू नका, साहेब.”

राग कसला? माझ्या फ्रिजमध्ये, माझ्या काकडीवर, परक्या माणसाची सही! बँकेत माझ्या लॉकरलासुद्धा माझी सही चालते.

मग वांगी. कच्ची खाता येत नाही अशी भाजी असेल तर तिच्याखालची आग त्यांच्यातल्या माणसानं लावलेली हवी. आता हा मुलगा सामानाच्या ट्रकवाल्याकडे जाणार, तिथून आईला तिच्या मैत्रिणीकडून घेऊन थेट जेवायला येणार.

“आत्ताच भाजून टाका ना,” सौ. म्हणाली.

“पाहुणीला गार वाढायचं?” मी म्हणालो. “वांगं गरमच हवं.”

(हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. — सौ.)

तेव्हा असं ठरलं, की त्यानं गॅस पेटवून बारीक करून ठेवायचा, आणि वेळ झाली की मी त्याच आगीवर जाळी ठेवून वांगी भाजायची. तोवर ज्योत विझू द्यायची नाही. त्यानं काडी ओढली, गॅस लावला आणि गेला. मी खुर्ची टाकून ज्योतीसमोर बसलो. वाऱ्यानं विझेल म्हणून खिडकी बंद. पंखा बंद. सौ.नं चहा मागितला तर नाही म्हटलं. किल्ल्याच्या दरवाजावरच्या शिपायानं केली नसेल अशी राखण मी त्या निळ्या फुलाची केली.

आणि मग खालून सर्वज्ञांनी हाक मारली. “अहो, जरा खाली या! ट्रकवाल्याची पोरं पुढे आलीत, मावशींचं कपाट उलटं धरलंय त्यांनी!”

मी उठलो. आणि माझा हात—

माझी आई मला लहानपणापासून, सौ. लग्नापासून आणि मी स्वतः सगळ्या घराला, पाहुण्यांना, एकदा तर लिफ्टमधल्या अनोळखी माणसालाही एकच वाक्य ऐकवत आलो आहोत: गॅस बंद केला का? या घरातून गॅस बंद न करता कुणी बाहेर पडलेलं नाही. माझ्या हाताला कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. तो आपला गेला आणि त्यानं बटण फिरवलं. खट्.

मी दारापर्यंत पोचलो होतो.

परत येऊन मी शेगडीकडे पाहिलं. शेगडीनं माझ्याकडे पाहिलं.

मुलाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. घड्याळ पुढे सरकत होतं. सर्वज्ञ वर आले, त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाले, “लावून टाका. आगीच्या अंगावर काही नाव लिहिलेलं नसतं.”

मी लावला.

वांगी सुरेख भाजली गेली. साल अलगद निघाली, गर लोण्यासारखा. लिंबू, तेल, मीठ घालून मी तो घोटला आणि नव्या वाडग्यात काढला. माझ्या हातून आजवर झालेला सर्वांत देखणा पदार्थ.  सौ. आंघोळीला गेली होती. तिला काही ठाऊक नव्हतं. बाहेर आली, वाडग्याकडे पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “जमवलंत हो तुम्ही.”

यापेक्षा तिनं माझ्या डोक्यात वाडगा घातला असता तर बरं झालं असतं.

वाढणी:

मावशी आल्या. काठी कोपऱ्यात ठेवली, आमच्या टेबलाशी बसल्या. इतक्या वर्षांत आमच्या टेबलाशी त्या पहिल्यांदाच बसत होत्या. सौ.ला पाणी कुठे ठेवावं कळेना. मुलानं आपल्या सह्या तपासून पट्ट्या फाडल्या. काकडी, गाजर, पानं, सगळं समोर मांडलं. हिरवंगार, केशरी, ताजं.

मावशींनी सगळं कौतुकानं पाहिलं. “किती कष्ट घेतलेस रे,” मला म्हणाल्या. “पान न् पान बघितलंस?”

“तीनतीनदा, मावशी.”

“छान. पण हे चावणार कोण?”

सौ.नं वाढायला उचललेला चमचा खाली ठेवला.

“खालचे दात डॉक्टरकडे आहेत,” त्या म्हणाल्या. “मंगळवारी तयार होतील. याच्या घरी पाठवणार आहे डॉक्टर.”

मी मुलाकडे पाहिलं. मुलानं छताकडे पाहिलं. “अगं, मला कुठे सांगितलंस?” तो म्हणाला.

“तू विचारलंस कधी? तू कपाटं मोजतोयस.” मग त्यांची नजर वांग्याच्या वाडग्यावर गेली आणि चेहरा उजळला. “हे मऊ दिसतंय. हे दे. आग तू लावलीस ना रे?”

“मीच लावली, आई.”

सौ.नं वाढलं. मावशींनी चमचा उचलला. मी सौ.कडे पाहिलं. ती वाढायचा चमचा धरून उभी होती. फक्त एक घास. त्यानंतर ती बाई उद्या निघून जाणार, कुणाला कधी कळणार नाही, आणि माझ्या बायकोला आयुष्यभर बरं वाटत राहील. मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं मला तसं जमतं. (कधी? — सौ.)

चमचा ओठांपर्यंत गेला.

“थांबा!” मी इतक्या जोरात ओरडलो की चमचा मावशींच्या हातून ताटात पडला आणि खाली वॉचमननं शिट्टी वाजवली.

“आग माझी आहे,” मी म्हणालो. “त्यानं लावलेली मी बंद केली. चुकून. मग मीच लावली.”

सौ.नं मावशींचं ताट ओढून घेतलं. तिच्या डोळ्यांकडे मला पाहवेना. मी वाडगा उचलला आणि कुठे ठेवावा कळेना म्हणून पोटाशी धरून उभा राहिलो.

मावशींनी खुर्ची माझ्याकडे वळवली. “बंद कशी केलीस?”

“बाहेर जाताना... सवय.”

त्या हसायला लागल्या. खालचे दात नसलेलं, सगळं तोंड उघडून हसणं. “आमचे हे तसेच होते. सूप शेगडीवर असताना गॅस बंद करून फिरायला जायचे.” मग टेबलाला रेटा देऊन उठल्या. “वांगी उरलीत का?”

“एक आहे.”

“आण. आणि तू बाजूला हो. शेगडीला हात लावू नकोस.”

माझ्याच स्वयंपाकघरात मला कोपऱ्यात उभं करण्यात आलं. मावशींनी स्वतः काडी ओढली. माझ्या आगीचं काही उरू नये म्हणून जाळी आधी लालभडक होईपर्यंत तापवली, मग वांगं ठेवलं. “ए, उगाच उभा राहू नकोस, लिंबू काप. नव्या सुरीनं! एवढं जाड? हे लिंबू आहे की भोपळा? मुली, तुझा नवरा नेहमी असाच कापतो?”

“नेहमी,” सौ. म्हणाली. तिच्या आवाजात जीव परत आला होता.

“साल काढ. हात भाजतोय? भाजू दे. घोट. आणखी. मीठ घाल. एवढंसं? मीठ विकत आणतोस ना, की दागिन्यासारखं जपतोस?”

घाम माझ्या नाकावरून खाली येत होता आणि तो वाडग्यात पडू नये म्हणून मी मान वाकडी करून घोटत होतो. त्याबद्दलचा नियम काय आहे हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

मावशी परत टेबलाशी बसल्या. सौ.नं कोऱ्या वाडग्यात वाढलं, कोरा चमचा दिला. मावशींनी घास घेतला. हिरड्यांनी सावकाश घोळवला. गिळला. सौ. पदराशी चाळा करत उभी होती.

मावशींनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. मुलगा गाजर कडाकड चावत होता, त्याला मी खुणेनं गप्प केलं. वाडगा बोटानं पुसून निघाला. मग मावशींनी तो सौ.पुढे केला.

“आणखी दे.”

सौ.नं माझ्याकडे पाहिलं. मी सौ.कडे पाहिलं. एकच वांगं होतं. एवढासाच गर निघतो त्याचा. इतकी वर्षं जिनं आमच्या घरचा कण खाल्ला नाही ती बाई दुसऱ्यांदा मागत होती, आणि माझ्या घरात वाढायला नव्हतं!

“एक मिनिट, मावशी, वांगी आणतो!” मी ओरडलो. “उठू नका! कुणी गॅस बंद करू नका!”

आणि मी इस्त्रीच्या शर्टात, अनवाणी, दोन दोन पायऱ्या टाकत खाली धावलो. पहिल्या मजल्यावर सर्वज्ञ दार उघडून निकालाची वाट बघत उभे होते.

“काय झालं?” ते म्हणाले. “खाल्लं का?”

“संपलं!” मी न थांबता ओरडलो.

“अरेरे,” मागून त्यांचा आवाज आला. “मी तुम्हाला आधीच म्हटलं होतं, ती भांडी बुडवून घ्या.”